चाळीस दिवसांची मुदत

"आजी, तुझे चाळीस दिवस कधी संपले गं?"

नातीच्या या प्रश्नाने माईंचा माऊसवरचा हात थांबला. पडद्यावर ती नेहमीची छोटी चौकट आली होती. हे सॉफ्टवेअर फुकट नाही, चाळीस दिवस वापरून पाहण्याची मुदत संपली की एक तर विकत घ्या नाहीतर संगणकावरून काढून टाका, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तिच्यात होता. माई ती चौकट रोज बघत. म्हणजे खरे तर बघत नसत. दारातले पायपुसणे ओलांडावे तशी ती कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून बंद करायची आणि कामाला लागायचे, अशी सवयच होऊन गेली होती. पाचवीतली चिऊ मात्र नुकतीच इंग्रजी वाक्ये सलग वाचू लागली होती आणि दिसेल ते मोठ्याने वाचायचा तिला नाद लागला होता.

"संपले असतील बाई कधीतरी," माई म्हणाल्या.

"पण कधी? हे केव्हा घातलं होतं?"

"तुझ्या बाबानं घातलं. दोन हजार चार साली."

चिऊने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, मग भागाकार केला, आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "एकशे एक्याण्णव वेळा चाळीस दिवस होऊन गेलेत, आजी!"

आतून सूनबाई हसली. चहा घेत बसलेला मुलगाही हसला. माईंना मात्र हसू आले नाही.

त्याला कारण होते. इंदूरच्या रामबागेतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत माई १९९८ सालापासून डी.टी.पी.चे काम करीत आहेत. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, कुणाचे काव्यसंग्रह, कुणाच्या एकसष्टीचे मानपत्र. मराठी शुद्ध टाइप करून देणारे गावात फार उरले नाहीत, म्हणून लोक लांबून त्यांच्याकडे येतात. आणि याच धंद्यात त्यांना सर्वांत जास्त मनस्ताप कशाचा झाला असेल, तर 'नुसता नमुना दाखवा' म्हणणाऱ्यांचा. माईंनी रात्री जागून पत्रिका जुळवावी, गणपती कुठे, कुलदैवत कुठे, आत्या-मावश्यांची नावे कोणत्या क्रमाने, सगळे बसवावे. आणि गिऱ्हाईकाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून, "विचार करून सांगतो," म्हणत निघून जावे. आठवड्याने तीच पत्रिका कुणाच्या तरी फ्रीजवर लावलेली दिसावी. शेवटी माईंनी भिंतीवर कागद चिकटवला होता : नमुन्याचेही पैसे पडतील.

त्या कागदाच्या बरोबर खाली हा संगणक होता, आणि संगणकावर एकवीस वर्षांचा नमुना.

हे सॉफ्टवेअर म्हणजे विनरार. अनेक फायली दाबून, आवळून त्यांचे एकच गाठोडे बांधायचे आणि हवे तेव्हा ते सोडायचे, एवढेच त्याचे काम. ज्यांचा संगणकाशी नुसता फोटो बघण्यापुरता संबंध आहे त्यांनीही ई-मेलमधून आलेली 'झिप' फाइल कधी ना कधी उघडलेली असतेच. त्याच जातीचे हे गाठोडे, फक्त नाव 'रार'.

त्या दिवशी गाठोडे सोडण्याची गरज का पडली, तेही सांगायला हवे. २००४ साली माईंनी एका घराण्याचा कुलवृत्तांत जुळवून दिला होता. होळकरांच्या काळात कोकणातून माळव्यात आलेले घराणे, चारशेच्या वर पाने, वंशवेलींचे तक्ते, जुन्या फोटोंचे स्कॅन. ज्या काकांनी वीस वर्षे पत्रव्यवहार करून ती माहिती गोळा केली होती ते आता हयात नाहीत. पुढच्या पिढीला दुसरी आवृत्ती काढायची होती, आणि या वेळी लेकींच्या घरांचीही नोंद करायची होती. पहिल्या आवृत्तीत लेकींच्या नावापुढे 'विवाहित' एवढेच लिहून रेघ मारलेली. माईंनी तेव्हाही त्यावर कुरकुर केली होती. आता काकांच्या नातीच ते काम घेऊन आल्या, म्हणून माईंनी ते जास्तच मनावर घेतले.

सगळे काम एका सी.डी.वर होते. रार गाठोड्यात. आणि सी.डी.वर एक चंद्रकोरीसारखा ओरखडा.

रात्री जेवताना चिऊने पुन्हा तोच विषय काढला. मुले विषय सोडत नाहीत.

"अगं आई, सगळं जग ते तसंच वापरतं," मुलगा म्हणाला. तो बँकेत आहे, आणि जगाविषयी बँकेतल्या माणसासारखाच बोलतो. "कंपनीलाही ठाऊक आहे. नाहीतर चाळीस दिवसांनंतर ते बंद नसतं का पडलं? ते बंद पाडतच नाहीत. मोठ्या कंपन्या पैसे भरतात, त्यांचं भागतं."

"बंद पडत नाही म्हणजे फुकट, असं कुठे लिहिलंय?" सूनबाई म्हणाली. ती शाळेत शिकवते. "चौकटीत तर उलटंच लिहिलंय. चिऊनं वाचून दाखवलं की."

"मग वाण्यानं दहा रुपये जास्त दिले तेव्हा मला परत का पाठवलं होतं?" चिऊ म्हणाली.

यावर कुणी काही बोलले नाही. मुलाने भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी माईंनी पुण्याला भाच्याला फोन लावला. तो सॉफ्टवेअरमधला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मावशी, यात एवढं काय? सेव्हन-झिप टाक. ते फुकट आहे, आणि खरंच फुकट. घरी वापर, धंद्यात वापर, कुणी विचारणार नाही. रारसुद्धा उघडतं."

"पण फुकटच्या मालाला वाली कोण?" हा मुलाचा प्रश्न माईंनी त्याला विचारून पाहिला.

"बनवणारा आहे ना वाली. आणि सगळा आतला मजकूर, म्हणजे प्रोग्राम कसा लिहिलाय तो, उघडा ठेवलाय. उद्या त्यानं सोडून दिलं तर दुसरा कुणी पुढे चालवेल."

माईंचा स्वभाव असा, की कपड्याचे दुकान बदलायचे झाले तरी दोन दुकानांतून हात लावून बघितल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही. त्यांनी भाच्याला आठवडाभर प्रश्न विचारून भंडावले आणि जे कळले ते हिशेबाच्या वहीत लिहून काढले. त्या वहीतली माहिती इतरांच्याही उपयोगाची आहे.

पहिला प्रश्न अगदी बाळबोध. फाइल लहान होते म्हणजे नक्की काय होते? त्यातले काही टाकून देतात का? तर नाही. किराणा दुकानदाराच्या वहीत 'साखर' शब्द एकदा लिहून खाली दोन टिंबे देतात ना, म्हणजे 'वरीलप्रमाणे', तसेच हे. कुलवृत्तांतात 'यांचा विवाह', 'यांस तीन अपत्ये' हे शब्द पानोपानी येतात. संगणक ते पुन्हा लिहीत नाही. इतक्या अक्षरांमागे जे इतके शब्द आले होते तेच इथे घ्या, अशी खूण करतो. ही युक्ती अब्राहम लेंपेल आणि जेकब झीव या इस्रायलमधल्या दोन प्राध्यापकांनी १९७७ साली मांडली. तिच्या जोडीला आणखी एक जुनी युक्ती असते : वारंवार येणाऱ्या खुणेला आखूड संकेत द्यायचा, क्वचित येणारीला लांब. ती डेव्हिड हफमन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९५२ साली प्रसिद्ध केली. पैसे घेणारे असो वा फुकट, बहुतेक सगळ्या गाठोडी बांधणाऱ्यांच्या मुळाशी याच कल्पना आहेत. म्हणजे महागडे सॉफ्टवेअर घेतले की फाइल जादूने चिमुकली होईल, ही समजूत चुकीची.

माईंनी ते करूनही पाहिले. अहवालांचे नुसते मजकुराचे फोल्डर दोन्हींनी बांधले. दोन्ही गाठोडी मूळच्या पाव हिश्शाच्या आसपास आली, इकडे तिकडे थोडा फरक. लग्नाच्या फोटोंचे फोल्डर बांधले, तर दोन्हीकडे जवळजवळ होते तेवढेच राहिले. मोबाइल-कॅमेऱ्याचे फोटो मुळातच दाबलेले असतात. पिळून काढलेली साडी पुन्हा पिळली तर पाणी कुठून येणार? जुन्या स्कॅनच्या 'टिफ' फायली मात्र चांगल्या दबल्या, कारण त्या न पिळलेल्या होत्या. तेव्हा 'अमुक जास्त दाबते' या जाहिरातीवर घरगुती माणसाने फार विसंबू नये.

दुसरा प्रश्न माईंना अधिक महत्त्वाचा वाटला : बांधलेले गाठोडे समोरच्याला सुटेल का? इथे झिपचा हात कुणी धरू शकत नाही, आणि त्यामागे एक माणूस आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या फिल कॅट्झ या तरुणाने १९८९ साली झिप हा प्रकार काढला. आपले सॉफ्टवेअर तो विकतच असे, पण झिपची बांधणी कशी असते हे त्याने सर्वांसाठी जाहीर करून टाकले. कुणीही त्यावर आपला प्रोग्राम लिहावा. म्हणून आज झिप न उघडणारा संगणक शोधून सापडत नाही. विंडोजमध्ये तर ती सोय २००१ च्या एक्सपीपासून घरचीच आहे. कॅट्झ स्वतः २००० साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, दारूपायी गेला. त्याने बांधायची रीत सांगून ठेवली नसती तर त्याच्या मागे त्या कोट्यवधी गाठोड्यांचे काय झाले असते कोण जाणे.

त्या काळी अमेरिकेत सॉफ्टवेअर विकण्याची एक पद्धत होती. आधी घेऊन जा, वापरा, इतरांनाही द्या. पटले तर पैसे पाठवा. चौकटीतले ते चाळीस दिवस त्याच पद्धतीचे. भाजीवाला म्हणतो ना, 'ताई, खाऊन तर बघा', तसे. आता खाऊन बघायला दिलेले बोर तोंडात टाकून कुणी रोज त्याच गाडीवरून पुढे जाऊ लागले, आणि भाजीवाला सभ्यपणाने रोज 'ताई, पैसे' एवढेच म्हणत राहिला, तर त्याला फुकट वाटप म्हणायचे का? मुलगा म्हणतो ते अगदीच खोटे नाही. विकणाऱ्याने दार उघडे ठेवले आहे. पण दार उघडे असणे वेगळे आणि या, बसा म्हणणे वेगळे.

रार काढले ते येवगेनी रोशाल या रशियन माणसाने, १९९३ मध्ये. त्याच्याच आडनावाचे पहिले अक्षर त्या नावात आहे. सेव्हन-झिप काढले तेही एका रशियनानेच, इगोर पाव्हलोव्ह याने, १९९९ मध्ये. एकाच देशातले दोघे. एकाने किंमत सांगितली, दुसऱ्याने घेऊन जा म्हटले. दोघेही आपापल्या जागी सरळ. रोशालने एक मात्र केले : रार गाठोडे सोडण्याची रीत त्याने सर्वांना मोकळी ठेवली, बांधण्याची आपल्याकडे राखली. म्हणून सेव्हन-झिप रार उघडते पण बांधत नाही. २०२३ मध्ये विंडोज ११ लाही रार आणि सेव्हन-झिपची गाठोडी घरच्या घरी उघडण्याची सोय आली. ज्यांना वर्षातून चार वेळा एखादे गाठोडे सोडायचे आहे त्यांनी खरे तर काहीच घेऊ नये, असलेलेच पुरे.

माईंच्या वहीत आणखी दोन-तीन बारीक टिपा आहेत. फायलींना देवनागरी नावे देऊन जुन्या पद्धतीच्या झिपमध्ये बांधले, तर दुसऱ्या संगणकावर कधी कधी नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हे उमटतात; तेव्हा मजकूर मराठी असला तरी फाइलचे नाव रोमन लिपीत ठेवावे. गिऱ्हाइकाच्या आधार कार्डासारखे काही पाठवायचे तर गाठोड्याला कुलूप घालावे, पण झिपची जुनी कुलपे तकलादू असतात. 'ए.ई.एस.' असे लिहिलेला पर्याय निवडावा. झिपला कुलूप घातले तरी आतल्या फायलींची नावे बाहेरून वाचता येतात, हेही लक्षात ठेवावे. नावे झाकायची तर रार किंवा सेव्हन-झिपच्या स्वतःच्या गाठोड्यात तशी सोय आहे.

आणि जुनी आवृत्ती ठेवू नये. हे वाचल्यावर माई जरा घाबरल्याच. विनरारमध्ये अशी फट निघाली होती, की नुसते फसवे गाठोडे उघडून आतल्या साध्या दिसणाऱ्या फाइलवर क्लिक केले तरी चोर घरात यावा. ती ऑगस्ट २०२३ च्या आवृत्तीत बुजवली, आणि २०२५ मध्ये आणखी एक बुजवावी लागली. सेव्हन-झिपचेही तसेच, तिथली एक फट नोव्हेंबर २०२४ मध्ये बुजवली. पैसे घेणारे सुरक्षित आणि फुकटचे धोक्याचे, किंवा उलट, असे काही नाही. दोन्ही स्वतःहून अद्ययावत होत नाहीत. आपणच मधूनमधून बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरून नवी आवृत्ती आणून बसवायची. मूळ म्हणजे मूळच. नावासारखे नाव असलेल्या भलत्या ठिकाणाहून नाही. बाजारातला एक मुलगा माईंना 'पन्नास रुपयांत फुल व्हर्जन' करून द्यायला तयार होता. माईंनी त्याला चहा दिला आणि परत पाठवला.

माईंच्या संगणकावरची विनरारची आवृत्ती किती जुनी होती हे त्यांनी भाच्याला सांगितले तेव्हा तो फोनवर काही क्षण गप्पच झाला.

इतके झाल्यावर निर्णय सोपा वाटत होता. विनरार काढून टाकायचे, सेव्हन-झिप ठेवायचे, चिऊचा प्रश्न संपला. माईंनी तसे केलेही. आणि कुलवृत्तांताची सी.डी. आत घातली.

संगणक बराच वेळ घरघरला. फाइल उतरेना, ओरखड्यापाशी आली की अडून बसे. शेवटी खजुरी बाजाराजवळच्या एका संगणक दुरुस्तीवाल्याने वाचता येत नाही तेवढा भाग कोरा सोडून बाकीचे उतरवून घेणाऱ्या साधनाने ते गाठोडे काढून दिले. घरी आणून सेव्हन-झिपने उघडले. फायलींची यादी दिसली, बऱ्याचशा सुटल्याही. पण दोन प्रकरणे आणि वंशवेलीचा मोठा तक्ता यांच्यापुढे 'चूक' असा शेरा आला. पुन्हा केले, पुन्हा तेच. तक्ता म्हणजे त्या पुस्तकाचा कणा. काकांच्या हाताची मूळ टिपणे घर बदलताना गेली, असे त्यांच्या नातींनी आधीच सांगितले होते. छापील पुस्तकावरून पुन्हा टाइप करता आले असते, पण माईंची बोटे आता पूर्वीची नाहीत, आणि चारशे नावांत एक साल चुकले तर पुढच्या पिढ्या ते चुकलेलेच वाचणार.

रात्री मुलगा बँकेतून आला तेव्हा माई पडद्यासमोर तशाच बसल्या होत्या.

"आई, तू हे रारमध्ये बांधलंस ना? मीच बांधून दिलं होतं की काय?"

"तूच. सी.डी. तूच लिहिलीस."

त्याने डोके खाजवले. "मग त्यात दुरुस्तीची नोंद घातली असेन मी. तेव्हा घालायचो. आठवत नाही नक्की."

ही दुरुस्तीची नोंद म्हणजे रारची खास सोय. गाठोडे बांधताना एका चौकोनात खूण केली, की आत थोडी जास्तीची माहिती ठेवली जाते. समजा वहीत दहा रकमा आणि खाली बेरीज आहे. मधल्या एका रकमेवर चहा सांडला, तरी बेरीज आणि उरलेल्या नऊ रकमा यांवरून ती पुसलेली रक्कम काढता येते. अगदी तसेच. गाठोडे शंभरातले तीन हिस्से जाड होते, पण तेवढ्या हद्दीतली मोडतोड भरून निघते. सेव्हन-झिपला ही नोंद वाचून डागडुजी करता येत नाही, आणि स्वतःच्या गाठोड्यात ती घालताही येत नाही. ज्याच्या जोरावर पैसे मागावेत असे विनरारकडे काही असेल, तर ते हेच.

रात्री साडेदहाला मुलाने विनरारची नवी आवृत्ती मूळ ठिकाणाहून आणून बसवली. गाठोड्यावर 'दुरुस्ती'ची आज्ञा दिली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. नोंद होती. एकवीस वर्षांपूर्वी, तेविसाव्या वर्षी, नोकरी लागायच्या आधी आईला मदत म्हणून बसलेल्या मुलाने त्या चौकोनात खूण केली होती, आणि तो ते विसरूनही गेला होता. नवीन गाठोडे तयार झाले. दोन्ही प्रकरणे सुटली. मग तक्ता सुटला. जुने पेजमेकर आणि जुने श्रीलिपीचे टंक माईंनी जपून ठेवले होते म्हणून तो दिसलाही. नाहीतर गाठोडे सुटूनही अक्षरांच्या जागी इंग्रजी कचरा दिसला असता. (हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मजकुराबरोबर त्याचे टंकही बांधून ठेवावे लागतात.) अठराव्या शतकातल्या मूळ पुरुषापासून खाली उतरत आलेल्या रेघा, आणि लेकींच्या नावांपुढे थांबलेल्या रेघा.

"झालं काम," मुलगा म्हणाला. "आता हे पुन्हा काढून टाक हवं तर. नव्यानं बसवलंय, चाळीस दिवस तर हक्काचे आहेत."

माई म्हणाल्या, "पैसे किती पडतात ते बघ."

"अगं, काम झालं की!"

"झालं म्हणूनच म्हणते."

एका संगणकासाठी २९ डॉलरच्या आसपास. रुपयांत अडीच हजारांच्या घरात. एकदाच, दरवर्षी नाही. मुलाने हिशेब मांडला, की हे काम करायला सेव्हन-झिप फुकट आहे, दुरुस्तीची गरज वीस वर्षांत एकदा पडली, आणि जे फुकटात झाले त्याचे मागाहून पैसे देणारी इंदुरात तरी दुसरी बाई सापडणार नाही. सूनबाईने विचारले, "पण आई, मग तुम्ही सेव्हन-झिप काढणार का?" माई म्हणाल्या, ते कशाला काढायचे? रोजच्या पत्रिका गिऱ्हाइकांना झिपमध्येच जातील, म्हणजे त्यांना काही विकत घ्यायला नको की बसवायला नको. आणि ती बांधायला सेव्हन-झिप उत्तम आहे, त्याने पैसे मागितलेलेच नाहीत. वर्षानुवर्षे ठेवायची कामे मात्र दुरुस्तीच्या नोंदीसकट रारमध्ये. शिवाय दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.

"म्हणजे दोन्ही?" मुलगा म्हणाला.

"घरात सुरीही असते आणि विळीही असते," माई म्हणाल्या.

त्यांच्या या वाटणीवर पुण्याचा भाचा नाराज आहे. त्याचे म्हणणे, जे बांधायची रीत एकाच कंपनीच्या मुठीत आहे त्यात पन्नास वर्षांचे काम ठेवू नये; नोंद हवी तर तसली कामे करणारी मोकळी साधने वेगळी मिळतात. तो चुकीचे बोलत नाही. माईंनी कुलवृत्तांताची एक प्रत साध्या झिपमध्येही बांधून त्याच्याकडे पाठवली, तेव्हा तो जरा शांत झाला.

पैसे मुलाच्या कार्डावरून भरले. माईंनी ते लगेच त्याच्या हातात रोख ठेवले, कारण तो त्यांच्या धंद्याचा खर्च होता. परवान्याची एक चिमुकली फाइल ई-मेलने आली, ती बसवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर चिऊ दप्तर न उतरवताच आजीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. माईंनी एक गाठोडे उघडले. चिऊने वाट पाहिली.

"चौकट कुठे गेली?"

"गेली."

"आता मी काय वाचू?"

माईंनी नुकतीच लिहिलेली सी.डी.ची पाकिटे तिच्यापुढे सरकवली. एकावर लिहिले होते : कुलवृत्तांत, रार, दुरुस्तीच्या नोंदीसह, टंक आत आहेत. दुसऱ्यावर : झिप. चिऊने ती मोठ्याने वाचून दाखवली, आणि खाली तारीख घालायची राहिली आहे हेही सांगितले.